आधी दया, मग उपासना

बुलढाणा जिल्ह्याचं नाव निघालं की शेगावच्या वाटेवरच्या दिंड्या आठवतात, सैलानीची यात्रा आठवते, १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणारी गर्दी आठवते. श्रद्धेने गजबजलेल्या याच जिल्ह्यात दर रविवारी सकाळी खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशा गावांत छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्या उपासनेला जमतात. त्यांची संख्या अगदी थोडी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती आणि तीत ख्रिस्ती लोक एक टक्काही नव्हते. त्यामुळे चर्चची इमारत सगळ्या गावाला माहीत असते, पण आत काय चालतं हे शेजारच्यालाही नेमकं ठाऊक नसतं. ‘तुमच्यात नवस असतो का?’, ‘तुमचा देव कशानं पावतो?’ असे प्रश्न लोक आपुलकीनेच विचारतात.

या प्रश्नांची उत्तरं शोधताना आपण थेट ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापाशी पोचतो. देव पावावा म्हणून ख्रिस्ती माणूस उपासना करत नाही. आपण हाक मारण्याआधी, आपली लायकी नसताना देवाने आपल्यावर दया केली, या जाणिवेतून त्याची उपासना सुरू होते. दया आधी, उपासना मागाहून. हा क्रम उलटला की ख्रिस्ती उपासनेचा प्राणच जातो. चर्चमधलं गाणं, प्रार्थना, दान आणि चर्चबाहेरचं सगळं जगणं या एका क्रमावर उभं आहे.

रविवारच्या उपासनेचा क्रम

वऱ्हाडातल्या एखाद्या लहान मंडळीची उपासना पाहिली तर हे सहज ध्यानात येतं. दाराशी चपला काढलेल्या, आत सतरंजी अंथरलेली, बायांच्या डोक्यावर पदर. पेटी, ढोलकी आणि खंजिरीच्या साथीवर पहिलं स्तुतिगीत होतं. मग येतो पापांगीकार. सगळे माना खाली घालून आठवड्याभरात जे चुकलं, बोलायला नको ते जे बोललं गेलं, करायला हवं होतं आणि केलं नाही, ते देवापुढे कबूल करतात. त्यानंतर पाळकसाहेब पवित्र शास्त्रातून क्षमेचं वचन वाचतात. मग शास्त्रवाचन, संदेश, आजाऱ्यांसाठी आणि गावासाठी मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वचन.

अर्पणाची थैली कधी फिरते ते इथे पाहण्यासारखं आहे. ती क्षमेचं वचन ऐकून झाल्यावर फिरते. थैलीत दहाची नोट पडो की पाचशेची, तिने क्षमा विकत घेतली जात नाही. ती आधीच फुकट मिळालेली असते. थैलीतला पैसा हा नुसता आभार असतो. ज्या रविवारी प्रभुभोजन असतं त्या दिवशी तर हे आणखी स्पष्ट होतं. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेण्यासाठी माणूस रिकामे हात पुढे करतो. येशूने वधस्तंभावर आपल्यासाठी प्राण दिला, याची ती आठवण. तिथे देणारा देव असतो आणि माणूस केवळ घेणारा.

कॅथलिक मंडळीतही हाच क्रम आहे. बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि शतकानुशतकं लॅटिनमध्ये चाललेला मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत होण्याची वाट मोकळी झाली. आज मराठी मिस्सामध्ये सुरुवातीलाच सगळे मिळून प्रभूकडे दयेची विनवणी करतात. त्यानंतरच स्तुती, वाचन आणि अर्पण. पंथ वेगळे, चाली वेगळ्या, क्रम मात्र तोच.

सहा कोटी दिवसांची मजुरी

ही दया केवढी, हे समजावून सांगताना येशूने मजुराला कळेल असा हिशेब मांडला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तो आहे. एका चाकराच्या डोक्यावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज होतं. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे त्या चाकराचं कर्ज झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं. वर्षातले तीनशे दिवस कामावर गेला तरी ते फेडायला दोन लाख वर्षं लागली असती. त्याने पाया पडून मुदत मागितली. राजाने मुदत दिलीच नाही; त्याला त्याची दया आली आणि त्याने सगळं कर्जच सोडून दिलं.

तो चाकर बाहेर पडला आणि त्याला भेटला त्याचाच एक सोबती, ज्याच्याकडे त्याचे शंभर दीनार येणं होतं. शंभर दिवसांची मजुरी. लहान रक्कम नव्हे, पण फिटण्यासारखी. चाकराने त्याचा गळा धरला. त्या सोबत्यानेही तशीच पाया पडून मुदत मागितली. पण चाकराने त्याला तुरुंगात टाकलं. दाखल्याचा शेवट कठोर आहे: राजाने चाकराला परत बोलावून जाब विचारला आणि त्याला शिक्षा दिली.

सावकारी कर्ज काय असतं हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. सातबारा गहाण पडल्यावर घरात जी शांतता पसरते, ती इथल्या पिढ्यांनी सोसली आहे. म्हणून या दाखल्याचा अर्थ इथल्या माणसाला चटकन लागतो. दोन लाख वर्षांचं देणं ज्याला माफ झालं, त्याने राजाला परत काय द्यायचं? द्यायला त्याच्याकडे काहीच नाही. तो दोनच गोष्टी करू शकतो. एक, मनापासून राजाचे उपकार मानणं. दुसरी, आपल्या शंभर दीनारांच्या देणेकऱ्यालाही तशीच माफी देणं. ख्रिस्ती उपासनेत या दोन्ही गोष्टी येतात आणि त्यांतली एक दुसरीवाचून खोटी ठरते.

प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राची मांडणीही अशीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साधारण ५७ साली लिहिलेल्या या पत्राचे सोळा अध्याय आहेत. पहिल्या अकरा अध्यायांत पौल माणसाचं पाप, देवाची कृपा आणि ख्रिस्ताने केलेलं तारण उलगडून सांगतो. बाराव्या अध्यायाच्या आरंभी तो देवाच्या या दयेचाच हवाला देऊन वाचकांना विनवतो की आता आपलं सगळं जीवनच देवाला जिवंत अर्पण म्हणून वाहा. अकरा अध्याय देवाने काय केलं याचे, आणि मग आपण काय करावं याची विनंती. आधी यज्ञ करा, मग देव दया करील, असं पौल कुठेही म्हणत नाही.

रमाबाईंना जे उशिरा गवसलं

ही गोष्ट बुद्धीला पटणं वेगळं आणि हृदयात उतरणं वेगळं. पंडिता रमाबाईंचं आयुष्य त्याची मराठीतली सर्वांत ठळक साक्ष आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. त्यांनी मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेले. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत खर्च करूनही दुःख टळलं नाही, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की त्यानंतरही बरीच वर्षं त्यांचं मन अस्वस्थच होतं. ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता. ख्रिस्त मिळायचा होता. तारण ही कमवायची गोष्ट नाही, ती देणगी आहे, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं आणि त्या आनंदाने भरून गेल्या. जगभर नावाजलेली, संस्कृतची पंडिता म्हणून गौरवलेली ही बाई रिकाम्या हातांनी देवापुढे उभी राहिली, तेव्हा कुठे तिला शांती मिळाली.

त्या शांतीतून पुढे काय उभं राहिलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवांना त्यांनी आपल्याबरोबर आणलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. स्वतः दुष्काळात अनाथ झालेल्या बाईने दुष्काळातल्या अनाथांना पोटाशी धरलं. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं; मुली तासन्‌तास रडून पापांगीकार करत आणि त्याच तोंडाने स्तुती गात. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं रमाबाईंचं काम अखेरपर्यंत चालू होतं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल त्यांच्यामागे प्रसिद्ध झालं. शिकवणं, स्वयंपाक, छपाई, शेती हे मुक्तीतलं प्रत्येक काम रमाबाईंच्या लेखी उपासनाच होतं.

खामगाव आणि अकोला

वऱ्हाडातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहासही दुष्काळाशी बांधलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने अकोला हे केंद्र धरून या भागात काम सुरू केलं. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर १९०० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची होती. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात मिशनने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले.

खामगाव तेव्हा कापसाची नामांकित पेठ होती. कापूस नेण्यासाठी १८७० मध्येच जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वे फाटा टाकला होता. गाठींचे ढीग पडणाऱ्या त्याच शहरात दुष्काळात घर, शेत, आईबाप गमावलेल्या मुलींना छप्पर, भाकरी आणि अक्षरं मिळाली. ‘दया’ हा शब्द त्यांना प्रवचनातून कळण्याआधी ताटात वाढलेला मिळाला. अशा घरांतून मोठ्या झालेल्यांच्या तोंडचं स्तुतिगीत वरवरचं असणं शक्य नव्हतं. आज अलायन्सच्या मंडळ्यांत जी भक्ती दिसते तिची मुळं या काळापर्यंत जातात.

मराठी गळ्यातली स्तुती

उत्तर मनापासूनचं हवं, तर ते आपल्याच भाषेत येणार. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे फार लवकर ओळखलं. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सांगितली, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घराघरांत ती गाइली गेली. पुढे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मधे अभंग आणि साक्या, हातात टाळ. विषय मात्र बायबलमधल्या उधळ्या पुत्राचा किंवा जक्कय या जकातदाराचा.

या साऱ्यावर कळस चढवला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ख्रिस्ताकडे वळण्याची त्यांची सुरुवात विदर्भातच झाली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनचं डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या वळणाने घरात उडालेला कल्लोळ आणि पुढचा संसार किती सच्चेपणाने रंगवला आहे, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची लय आणि भक्ताची आर्तता दिली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. बुलढाण्याच्या मंडळीत एखादी आजीबाई पुस्तक न उघडता टिळकांचं गीत शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. तिला छंदशास्त्र ठाऊक नसतं. आपण पडलो होतो आणि कुणीतरी उचललं, हे मात्र पक्कं ठाऊक असतं.

मनापासून म्हणजे काय

अलीकडे उपासनेत कीबोर्ड, ड्रम, मोठे स्पीकर आले आहेत. तरुण मुलं हात उंचावून, टाळ्या वाजवून गातात. काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. काही तरुणांना जुनी गीतं संथ वाटतात. या वादात एक गोष्ट विसरू नये. आवाज मोठा असो की हळू, बायबल वेगळीच कसोटी लावतं. लूकच्या सातव्या अध्यायात गावाने पापी ठरवलेली एक बाई एका कर्मठ परूश्याच्या घरी येशूच्या पायांशी रडते. तिच्या तोंडून एक शब्दही निघत नाही, पण तिची उपासना येशू स्वीकारतो, कारण जिला फार क्षमा मिळाली ती फार प्रेम करते. अठराव्या अध्यायातला जकातदार तर दूर उभा राहून, मान वर न करता, दयेची एवढीशी विनवणी करतो आणि नीतिमान ठरून घरी जातो.

दुसरी कसोटी चर्चच्या बाहेर लागते. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात आमोस हा गुराखी संदेष्टा इस्राएलाला बजावतो की गरिबाला तुडवणाऱ्यांच्या गाण्यांचा देवाला वीट आला आहे; त्याला न्याय हवा आहे. जक्कयाने दया अनुभवली त्याच दिवशी अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. इंग्लंडचा जॉन न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. पुढे तो धर्मगुरू झाला आणि १७७३ च्या नव्या वर्षाच्या संदेशासाठी त्याने ‘अमेझिंग ग्रेस’ हे आज जगभर गायलं जाणारं गीत रचलं. त्याची उपासना गीत लिहून संपली नाही. १७८८ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि स्वतःच्या हातून घडलेलं जाहीरपणे कबूल केलं. १८०७ मध्ये ब्रिटनने या व्यापारावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी न्यूटनने देह ठेवला. दया खरोखर मिळाली असेल तर ती माणसाला असं बदलते. त्याला वेळ लागतो, पण ती बदलते.

पीक बुडालं तर?

मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण मोठ्या उत्साहाने होतो. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, सोयाबीन, हरभरा, बोंडांतून नुकताच वेचलेला कापूस, पपया, भोपळे, कुणाच्या घरची अंडी, कुणाचा पाय बांधलेला कोंबडा, असं सगळं वेदीपुढे मांडलं जातं. उपकारस्तुतीची प्रार्थना झाली की अंगणात लिलाव सुरू होतो. वीस रुपयांचा भोपळा बोली चढत चढत पाचशेला जातो, घेणारा तो हसत खांद्यावर टाकतो, आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. ज्याच्याकडे शेत नाही त्यालाही अर्पणात वाटा मिळतो आणि घरी न्यायला काहीतरी मिळतं.

पण बुलढाण्यात काही वर्षी पाऊस दडी मारतो, काही वर्षी बोंडअळी कापूस खाते, भाव पडतात, आणि घरातला कर्ता माणूस कायमचा निघून जातो. अशा घराला ‘देवाचे उपकार मानू या’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? बायबल हा प्रश्न टाळत नाही. हबक्कूक संदेष्टा अंजीर फुललं नाही, द्राक्षवेल फळली नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी यादीच देतो आणि तरीही देवात आनंद करीन म्हणतो. विलापगीत तर इ. स. पू. ५८६ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमच्या राखेत बसून लिहिलं आहे. पाच अध्यायांच्या त्या आक्रोशात नेमक्या मधल्या तिसऱ्या अध्यायात कवी म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी होते. त्याच्या आधी आणि नंतरही रडणंच आहे. याचा अर्थ असा की रडणं हासुद्धा उपासनेचाच भाग आहे. दुःखी माणसाला हसायला लावणारी उपासना बायबलला मान्य नाही; त्याच्या शेजारी बसून रडणारी, त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरणारी, पेरणीला बियाणं देणारी उपासना मान्य आहे.

म्हणून रविवारी चर्चला निघणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती भावाबहिणीला एकच विनंती आहे. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. बांधावरून भावाशी अबोला असेल, भाऊबंदांचा वाद कोर्टात अडकला असेल, कुणाची मजुरी थकवली असेल, तर या रविवारच्या आधी तिथे जा. दोन लाख वर्षांचं देणं ज्याने आपल्याला माफ केलं त्याच्या नावाने ते शंभर दीनार सोडून द्या, आणि मग या, गळा मोकळा करून गा. आणि शेजारच्या ज्या माणसाला चर्चमध्ये काय चालतं याचं कुतूहल आहे, त्यालाही मनापासून निमंत्रण आहे: कोणत्याही रविवारी सकाळी या, सतरंजीवर शेजारी बसा. दार सगळ्यांसाठी उघडं असतं.